अतिजड आयन सापळ्यात कसे धरावेत: वेग, वायू आणि वारंवारता यांचा हिशेब

हजार डाल्टनचा (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान) पेप्टाइड आयन सापळ्यात धरणे आणि चाळीस लाख डाल्टनचे विषाणूकवच धरणे या दोन्ही कामांना क्वाड्रुपोल सापळाच, म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्राने आयन कोंडणारे साधन, वापरता येतो, पण अडचण मात्र सारखी नसते. पेप्टाइड सापळ्यात शिरल्यावर हेलियमशी होणाऱ्या टकरींत लवकरच निवांत होतो आणि पुढे सगळा प्रश्न विभेदनाचा, म्हणजे जवळची शिखरे वेगळी ओळखण्याचा, उरतो. विषाणूकवच सापळ्याच्या तोंडाशी पोहोचते तेव्हाच त्याच्याकडे हजारो इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा असते आणि नेहमीच्या मांडणीत ते एका तोंडाने आत येऊन दुसऱ्या तोंडाने निघून जाते. अशा वेळी बहुतेक जण आरएफ व्होल्टेज, म्हणजे सापळ्याला दिलेले रेडिओ वारंवारतेचे व्होल्टेज, वाढवत बसतात. या लेखाचा सगळा रोख असा आहे की जड आयन आत धरून ठेवणे तुलनेने सोपे असते, त्याला आधी थांबवणे अवघड असते, आणि थांबवण्याचे काम विद्युत क्षेत्रावर न टाकता वायूवर टाकावे लागते.

ज्यांच्याकडे नॅनोइलेक्ट्रोस्प्रे स्रोत (द्रावणाचा भारित सूक्ष्म फवारा करून आयन बनवणारा) आहे, मास स्पेक्ट्रोमेट्रीची मूलतत्त्वे ज्यांना ठाऊक आहेत आणि ज्यांना स्वतःच्या यंत्रात फेरबदल करायचे आहेत किंवा निदान त्याच्या सेटिंगमागचे कारण समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत. त्यातले आकडे हाताने करता येतील असेच ठेवले आहेत.

पहिली पायरी: आयनावर किती भार असेल ते ठरवणे

सापळ्याला वस्तुमान कळत नाही, वस्तुमान आणि भार यांचे गुणोत्तर कळते. म्हणून नमुन्याचे वस्तुमान लिहून झाले की लगेच अपेक्षित भाराचा अंदाज करावा. प्रथिन मूळ घडी न मोडता, म्हणजे अमोनियम अॅसिटेटच्या उदासीन द्रावणातून फवारले असेल, तर त्याचा भार जवळपास त्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या रेली मर्यादेइतका, म्हणजे थेंब न फुटता पेलू शकेल तेवढा, येतो. सोपे सूत्र असे की डाल्टनमधील वस्तुमानाचे वर्गमूळ काढून त्याला ०.०७८ ने गुणावे. ग्रोईएल या सुमारे ८ लाख डाल्टनच्या चौदा घटकी प्रथिनासाठी हा आकडा ७० येतो आणि प्रत्यक्षात मिळणारे भारही त्याच्या आसपासच असतात, म्हणजे गुणोत्तर साधारण ११,५०० होते. हिपॅटायटिस बी विषाणूचे २४० प्रथिनांचे कवच सुमारे ४० लाख डाल्टनचे असते, त्यावर १५६ च्या आसपास भार बसतो आणि गुणोत्तर सुमारे २५,००० येते. प्रतिपिंडाचे, म्हणजे सुमारे दीड लाख डाल्टनचे, गुणोत्तर प्रत्यक्षात ६,००० च्या आसपास असते.

यातून एक गोष्ट दिसते. गुणोत्तर वस्तुमानाच्या प्रमाणात न वाढता त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे इलेक्ट्रोस्प्रे वापरणाऱ्याला दहा कोटी डाल्टनचा कण धरायचा असला तरी सापळा सुमारे सव्वा लाख ते दीड लाखाच्या गुणोत्तरासाठीच बांधायचा असतो. लेझरने बाष्पीभवन करून आयन बनवले तर मात्र ही सवलत नाही. तिथे दहा लाख डाल्टनच्या कणावर एखाददुसराच भार असतो आणि गुणोत्तर थेट दहा लाख होते.

दुसरी पायरी: तो किती ऊर्जा घेऊन येतो ते काढणे

वातावरणातून निर्वातात उसळणारा नायट्रोजन आपल्याबरोबर आयनालाही वेग देतो. खोलीच्या तापमानाला या झोताची कमाल गती सेकंदाला सुमारे ७८७ मीटर असते. आयन हलका असो वा जड, झोतात सापडला की त्याची गती या मर्यादेकडे सरकते. खूप जड कण थोडा मागे राहतो हे खरे, पण रचना करताना कमाल गतीच धरावी. गती सारखी आणि वस्तुमान वेगळे, म्हणजे ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात: दर हजार डाल्टनमागे सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उसाने भरलेली आणि रिकामी ट्रॉली एकाच वेगाने उतारावरून येत असल्या तरी ब्रेक कोणत्या ट्रॉलीचे तापतात हे सांगावे लागत नाही.

दीड लाख डाल्टनच्या प्रतिपिंडाकडे अशा रीतीने सुमारे ४८० इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात, ग्रोईएलकडे २,५७० आणि विषाणूकवचाकडे जवळपास १२,८००. विद्युत क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती प्रति भार ऊर्जा, आणि ती गुणोत्तराच्या दर हजारामागे ३.२ व्होल्ट इतकी भरते. म्हणजे ११,५०० गुणोत्तराला ३७ व्होल्ट, २५,००० ला ८० व्होल्ट आणि दहा लाखांना ३,२०० व्होल्ट. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हा आकडा शेजारी ठेवला की आयनाला किती ऊर्जा टाकून द्यायची आहे याची कल्पना येते.

प्रवेश नलिका तापवली असेल तर हिशेब आणखी बिघडतो. नलिका २०० अंश सेल्सिअसला ठेवल्यास झोताची गती सुमारे ९९० मीटरवर जाते आणि प्रति भार ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. विद्रावक उडवण्यासाठी उष्णता हवी आणि थांबवण्यासाठी ती नको, असा हा पेच आहे. माझ्या मते नलिका शक्य तितकी कोमट ठेवावी आणि विद्रावक काढण्याचे काम पुढे टकरींवर सोडावे.

तिसरी पायरी: वारंवारता उतरवणे

क्वाड्रुपोल सापळ्याचे स्थैर्य मॅथ्यू समीकरणातील (बदलत्या क्षेत्रातील आयनाची हालचाल सांगणाऱ्या समीकरणातील) क्यू या संख्येवर अवलंबून असते. चार दांड्यांच्या रेषीय सापळ्यात क्यू काढण्यासाठी प्रत्येक दांडीवरील आरएफ व्होल्टेजच्या आयामाला चारने गुणावे आणि तीन गोष्टींच्या गुणाकाराने भागावे: प्रति कूलोम वस्तुमान, सापळ्याच्या अंतर्गत त्रिज्येचा वर्ग आणि कोनीय वारंवारतेचा वर्ग. एक डाल्टन प्रति भार म्हणजे १.०३६ गुणिले १० चा उणे ८ वा घात इतके किलोग्रॅम प्रति कूलोम. साइन लहरीसाठी क्यू ०.९०८ च्या वर गेला की आयन बाहेर फेकला जातो. ०.४ च्या खाली असेल तर आयन एका गुळगुळीत आभासी विभवविहिरीत डोलतो असे मानता येते आणि या विहिरीची खोली व्होल्टेज गुणिले क्यू भागिले चार इतकी असते.

एक उदाहरण घेऊ. त्रिज्या ५ मिलिमीटर, आयाम २५० व्होल्ट, गुणोत्तर २५,०००. वारंवारता नेहमीची १ मेगाहर्ट्झ ठेवली तर क्यू ०.००३९ येतो आणि विहिरीची खोली पाव व्होल्टसुद्धा भरत नाही. तीच वारंवारता ९९ किलोहर्ट्झवर आणली की क्यू ०.४ होतो आणि खोली २५ व्होल्ट. गुणोत्तर दहा लाख असेल तर सुमारे १५.६ किलोहर्ट्झवर जावे लागते, पण खोली पुन्हा २५ व्होल्टच राहते. क्यू आणि व्होल्टेज कायम ठेवले तर विहिरीची खोली वस्तुमानावर अवलंबून नसते, ही या पायरीतली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. १९५९ मध्ये वुर्कर, शेल्टन आणि लँगम्युअर यांनी अॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण याच तत्त्वावर कमी वारंवारतेच्या क्षेत्रात तरंगत ठेवले होते. या जातीच्या सापळ्यासाठी वोल्फगांग पॉल यांना नोबेल मिळाले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १९८९ मध्ये.

मग सगळी यंत्रे वारंवारता का उतरवत नाहीत? कारण नेहमीचा आरएफ पुरवठा कॉइल आणि कपॅसिटरच्या अनुनादावर चालतो. त्याची वारंवारता ठरलेली असते, आयाम तेवढा बदलता येतो, आणि आयाम वाढवत गेले की कुठेतरी ठिणगी पडते. त्यावरचा उपाय म्हणजे चौकोनी लहर. दोन स्थिर व्होल्टेजांमध्ये मॉसफेटच्या (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) जोडीने झटपट अदलाबदल केली की अनुनादाची गरजच राहत नाही आणि घड्याळाचा आकडा बदलून काही किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत कुठेही उडी मारता येते. ली डिंग यांनी शिमाझूमध्ये डिजिटल आयन सापळा याच मार्गाने विकसित केला आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत पीटर रायली यांनी हेच तंत्र अतिजड आयनांकडे वळवले. स्वतः यंत्र जुळवणाऱ्याला अशा पुरवठ्याचा खर्च अनुनादी पुरवठ्यापेक्षा जड जात नाही.

चौकोनी लहर वापरताना दोन आकडे बदलतात. स्थैर्याची मर्यादा ०.९०८ वरून ०.७१२ वर येते आणि त्याच आयामाला व त्याच क्यूला विहिरीची खोली साधारण १.६ पट होते. वरच्या उदाहरणात ती सुमारे ४१ व्होल्ट होईल. लहरीचा वरचा आणि खालचा काळ समान न ठेवता त्यात फरक केला की दांड्यांवर सरासरी स्थिर व्होल्टेज तयार होते, त्याने नको असलेली गुणोत्तरे गाळता येतात.

खालची मर्यादाही लिहून ठेवावी. २५,००० गुणोत्तराला क्यू ०.४ ठेवला तर साइन लहरीत सुमारे ११,००० च्या खालचे आणि चौकोनी लहरीत १४,००० च्या खालचे आयन टिकत नाहीत. बहुतेक वेळा ही इष्टापत्तीच असते, कारण मिठाचे लहान पुंजके आपोआप गळतात आणि सापळ्याची भारक्षमता खऱ्या नमुन्यासाठी मोकळी राहते.

आता दुसऱ्या पायरीतला आकडा आठवावा. २५,००० गुणोत्तराचा आयन ८० व्होल्ट घेऊन येतो आणि विहीर ४१ व्होल्टची आहे. दहा लाखांचा आयन ३,२०० व्होल्ट घेऊन येतो आणि विहीर तीच ४१ व्होल्टची आहे. वारंवारता कितीही नेमकी निवडली तरी ही तफावत जात नाही.

चौथी पायरी: वायूने थांबवणे

शेवटच्या इलेक्ट्रोडवर मोठे रोधक व्होल्टेज देऊन आयन अडवता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण स्थिर क्षेत्र ऊर्जा काढून घेत नाही, फक्त दिशा उलटवते. आयन ८० व्होल्टच्या भिंतीवर आपटून तितक्याच वेगाने प्रवेशद्वाराकडे परततो. दार नेमक्या क्षणी बंद केले तर तो आत सापडतो हे खरे असले तरी त्याची ऊर्जा विहिरीपेक्षा अधिकच असते आणि आडव्या दिशेला जराशी ऊर्जा वळली की तो दांडीवर जातो. ऊर्जा कायमची काढून घेणारी एकच सोय आपल्याकडे असते आणि ती म्हणजे वायूचे रेणू.

जड आयन हलक्या रेणूवर आदळतो तेव्हा एका टकरीत त्याच्या संवेगाचा फारच थोडा अंश जातो. ढोबळ नियम असा की आयनाने आपल्या वस्तुमानाइतका वायू वाटेतून बाजूला सारला की त्याची गती सुमारे २.७ पटीने घटते. हे अंतर काढण्यासाठी आयनाचे वस्तुमान भागिले वायूची रेणुसंख्या प्रति घनमीटर, आयनाचा टक्करछेद (टकरींसाठी रेणूंसमोर येणारे त्याचे क्षेत्रफळ) आणि वायुरेणूचे वस्तुमान यांचा गुणाकार, एवढे गणित पुरते. ग्रोईएलचा टक्करछेद सुमारे २४५ चौरस नॅनोमीटर आहे. नायट्रोजनचा दाब १ पास्कल असेल तर हे अंतर जवळपास अर्धा मीटर येते, १० पास्कलला ५ सेंटिमीटर. चाळीस लाखांच्या कवचासाठी १० पास्कलला ते ६ ते ७ सेंटिमीटर होते. वस्तुमान पाचपट होऊनही अंतर फार वाढत नाही, कारण मोठा कण वाटेतला वायूही अधिक झाडतो. अंतर ढोबळमानाने वस्तुमानाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा एका मांडणीत वस्तुमानाचा मोठा पट्टा सामावतो.

ऊर्जा हजारपट कमी करायची तर गती सुमारे ३२ पट कमी व्हायला हवी, म्हणजे अशी साडेतीन अंतरे लागतात. ग्रोईएलला १० पास्कलमध्ये १७ सेंटिमीटर, कवचाला साधारण २३. गती वायुरेणूंच्या औष्णिक गतीपेक्षा खाली गेली की रोध तुलनेने अधिक प्रभावी ठरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी अंतर पुरते. तरीही २५ सेंटिमीटर लांबीचा, १० पास्कल नायट्रोजनचा, कमी वारंवारतेवर चालणारा क्वाड्रुपोल सापळ्याच्या आधी बसवावा आणि थांबवण्याचे सगळे काम तिथेच उरकावे. सापळा आणि थांबा एकाच कक्षात करण्याचा मोह टाळलेला बरा. थांबवायला १० पास्कल हवेत, तर सापळ्यातून निवडून बाहेर काढताना त्याच्या शंभराव्या भागाइतका दाब बरा पडतो, आणि दोन्ही कामे एका दाबाला केली की दोन्ही अर्धवट होतात.

या टकरींनी प्रथिन मोडेल का, असा प्रश्न हमखास येतो. एका टकरीत अंतर्गत ऊर्जेत बदलू शकणारा भाग हा वायुरेणू आणि आयन यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराइतकाच असतो. २,५७० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ग्रोईएलसाठी नायट्रोजनच्या एका टकरीत तो ०.०९ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतो. एवढ्याने घडी उलगडत नाही.

वायू कोणता घ्यावा? हेलियम इथे जवळपास निरुपयोगी, कारण रोध रेणूच्या वस्तुमानाबरोबर वाढतो. नायट्रोजन आणि आरगॉन रोजच्या कामाला पुरतात. झेनॉनचा अणू १३१ डाल्टनचा असल्यामुळे त्याच दाबाला अंतर नायट्रोजनच्या पावपटीहून कमी होते, आणि मोठ्या विषाणूकवचांसाठी तो प्रत्यक्ष वापरला गेला आहे. तो महाग आहे, म्हणून लांब क्वाड्रुपोलला जागा नसेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

थांबलेला आयन जागीच रेंगाळतो, ही पुढची अडचण. क्वाड्रुपोलच्या लांबीभर सेंटिमीटरला अर्धा व्होल्ट इतका हलका उतार ठेवला तर १० पास्कलमध्ये ग्रोईएल सेकंदाला सुमारे ३० मीटर गतीने सरकतो आणि २० सेंटिमीटर अंतर ६ ते ७ मिलिसेकंदांत कापतो. उतार देण्यासाठी दांड्यांच्या मध्ये किंचित तिरक्या पट्ट्या बसवाव्यात किंवा दांड्यांचे तुकडे करून त्यांना चढत्या क्रमाने व्होल्टेज द्यावे. याच्या आधीच्या, जास्त दाबाच्या भागात मात्र वायूचा प्रवाहच मालक असतो. २०० पास्कलमध्ये सेकंदाला १०० मीटर वाहणाऱ्या झोतातून ग्रोईएल खेचून काढायचा तर सेंटिमीटरला ३० व्होल्ट क्षेत्र लागते, आणि तेवढ्याच वस्तुमानाच्या एकभारी कणाला त्याच्या सत्तरपट. तेव्हा पहिल्या कक्षात पंपाचे तोंड कुठे आहे, झोत कुठे वळतो, हे इलेक्ट्रोडच्या आकाराइतकेच काळजीपूर्वक पाहावे. झोत अक्षावरून बाजूला खेचणारा पंप जड आयनही बाजूला नेतो.

ठिणगीचा हिशेब राहिला. हवेत (नायट्रोजनमध्ये आकडे थोडे वेगळे असतात) सर्वांत कमी व्होल्टेजला, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास, ठिणगी पडते ती दाब आणि अंतर यांचा गुणाकार सुमारे ०.७५ पास्कल-मीटर असताना. १० पास्कल आणि ५ मिलिमीटर यांचा गुणाकार ०.०५ येतो, तिथे भीती नाही. पण १०० पास्कलला तीच जागा या धोक्याच्या बिंदूजवळ जाते. तारांची जोडणी, फीडथ्रू (भिंतीतून तार आत नेणारे जोड) आणि कक्षाची भिंत यांच्यातली लांब अंतरे १० पास्कललाही धोक्याच्या पट्ट्यात येऊ शकतात, म्हणून ती झाकून घ्यावीत.

पाचवी पायरी: नमुना आणि फवारा

इथे फार थांबण्याचे कारण नाही, पण आळस केला तर पुढचे सगळे फुकट जाते. नमुना १०० ते २०० मिलिमोलर अमोनियम अॅसिटेटमध्ये आणावा आणि त्यासाठी स्पिन कॉलमचे दोन फेरे करावेत, कारण सोडियम उरले तर शिखरे पसरतात. ग्रोईएलसारख्या प्रथिनाची संहती काही मायक्रोमोलर पुरते. बोरोसिलिकेटच्या, एक मायक्रोमीटरच्या आसपास टोक असलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया घ्याव्यात. १ ते १.५ किलोव्होल्ट देऊन फवारा सुरू झाला की तो चालू राहील तितके व्होल्टेज खाली आणावे.

पहिल्या पंपाच्या नळीवर झडप बसवून पहिल्या कक्षातला दाब एक-दोन मिलिबारवरून पाच ते दहा मिलिबारपर्यंत वाढवता येईल अशी सोय करावी. मोठे आयन या साध्या उपायाने लक्षणीय वाढतात. त्याचे कारण वर आलेच: झोतानंतरचा थांबा लवकर सुरू होतो.

सहावी पायरी: सापळा भरणे

थांबवणाऱ्या क्वाड्रुपोलमधून बाहेर पडणाऱ्या आयनांची ऊर्जा आता आपण ठरवतो, झोत नव्हे. क्वाड्रुपोलचा अक्ष आणि सापळ्याचा अक्ष यांत २ ते ५ व्होल्टचा उतार ठेवावा, सापळ्याच्या दूरच्या इलेक्ट्रोडवर अक्षापेक्षा १० ते २० व्होल्ट अधिक द्यावेत आणि भरण झाल्यावर जवळचे इलेक्ट्रोडही तितकेच वर न्यावे. सापळ्यातला दाब ०.१ पास्कल असेल तर ग्रोईएलला निवण्यासाठी लागणारा कालखंड सुमारे ८ मिलिसेकंद येतो. त्याच्या पाचपट, म्हणजे ४० ते ५० मिलिसेकंद, थांबूनच पुढची क्रिया करावी. दाब आणखी दहापट खाली असेल तर थांबाही दहापट हवा. ही वेळ वाचवू नये.

भरण्याची वेळ ठरवताना आयन मोजू नयेत, भार मोजावेत. सापळ्यात एक लाख भार सुखाने मावत असतील तर ग्रोईएलचे आयन चौदाशेच मावतात आणि कवचाचे साडेसहाशेच्या आसपास. त्याहून अधिक भरले की ते परस्परांना ढकलून विहिरीच्या कडेला जातात.

पहिल्याच दिवशी विषाणूकवच घेऊन बसू नये. आधी सिझियम आयोडाइडचे पुंजके पाहावेत. त्यांची गुणोत्तरे २५९.८१ च्या पटीत आणि एका सिझियमचे १३२.९१ मिळवून मिळतात, दहा हजारांच्या पुढेही जातात, त्यामुळे अंशांकन आणि वाटेतील आरएफची तपासणी दोन्ही होतात. मग प्रतिपिंड, मग ग्रोईएल, आणि त्यानंतर कवच.

प्रत्येक टप्प्यावर एक चाचणी न चुकता करावी. सापळ्याच्या पुढच्या जाळीवर रोधक व्होल्टेज शून्यापासून वाढवत न्यावे आणि कितव्या व्होल्टला आयनांचा प्रवाह बंद होतो ते नोंदवावे. आयन खरोखर थांबून निवले असतील तर हा आकडा प्रतिपिंडाला आणि ग्रोईएलला जवळपास सारखाच, आपण दिलेल्या उताराइतका येतो. तो गुणोत्तराबरोबर हजारामागे दोन-तीन व्होल्टने चढत असेल तर आयन अजून झोताच्या वेगातच आहेत. अशा वेळी सापळ्याच्या व्होल्टेजांना हात न लावता मागे जाऊन वायूचा दाब वाढवावा. एवढ्या स्वस्तात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी माझ्या पाहण्यात नाही.

विद्रावकाचे आणि मिठाचे उरलेले रेणू काढण्यासाठी निवलेल्या आयनांना सापळ्यात किंवा त्याआधीच्या भागात ५० ते २०० व्होल्टच्या उतारावरून सोडून पुन्हा थांबवावे. हे करताना वारंवारता अशी ठेवावी की विहीर शक्य तितकी खोल राहील, नाहीतर स्वच्छ झालेला आयनच निसटतो. बाहेर काढताना दूरचे इलेक्ट्रोड खाली आणले की पुरते. गुणोत्तरानुसार एकेक काढायचे असल्यास आयाम कायम ठेवून वारंवारता हळूहळू उतरवावी, म्हणजे हलके आधी आणि जड नंतर बाहेर येतात.

सातवी पायरी: धरलेला आयन मोजायचा कसा

नेहमीचा मायक्रोचॅनेल प्लेट शोधक इथे कच खातो. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन आदळणाऱ्या कणाच्या गतीवर अवलंबून असतात आणि दहा लाख डाल्टनच्या एकभारी आयनाला २० किलोव्होल्टने प्रवेग दिला तरी तो सेकंदाला दोन किलोमीटरही गाठत नाही. इलेक्ट्रोस्प्रेचे बहुभारी आयन बरेच वेगाने आदळतात, पण दहा लाख डाल्टनच्या पुढे दुसरीच अडचण उभी राहते. कवचाच्या १६० भारांच्या शिखराचे शेजारच्या शिखरापासूनचे अंतर गुणोत्तरात सुमारे १५६ असते. कवचाच्या वस्तुमानात अर्ध्या टक्क्याची विविधता असली की शिखराची रुंदीच १२५ होते. शिखरे एकमेकांत मिसळतात आणि भार वाचता येत नाही.

म्हणून एकेका आयनाचा भार स्वतंत्रपणे मोजावा लागतो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हेन्री बेनर यांनी १९९७ मध्ये त्यासाठी स्थिरविद्युत सापळा वापरला आणि इंडियाना विद्यापीठात मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाने ही पद्धत अचूकतेला नेली. दोन स्थिरविद्युत आरशांमध्ये आयन पुढे-मागे धावतो आणि दर खेपेला मधल्या धातूच्या नळीतून जाताना नळीवर आपल्याइतकाच भार प्रेरित करतो. आंदोलनाच्या वारंवारतेवरून गुणोत्तर मिळते, संकेताच्या उंचीवरून भार मिळतो, आणि दोहोंच्या गुणाकाराने वस्तुमान. खेपा जितक्या जास्त तितकी भाराची अनिश्चितता खेपांच्या वर्गमुळाने घटते. पुरेसा वेळ धरल्यास ती एका भाराच्या पाचव्या हिश्शाइतकी खाली येते आणि भार पूर्णांकात सांगता येतो. पुढे २०२० मध्ये ऑर्बिट्रॅप या दुसऱ्या प्रकारच्या आयन सापळ्यातही एकेका आयनाचा भार अशाच रीतीने मोजला गेला.

या सापळ्यात ऊर्जा मुद्दाम द्यावी लागते, प्रति भार सुमारे १३० व्होल्ट. २५,००० गुणोत्तराचा आयन मग सेकंदाला एक किलोमीटर धावतो. वारंवारतेवरून गुणोत्तर काढताना प्रत्येक आयनाची ऊर्जा सारखी आहे असे धरलेले असते, त्यामुळे सापळ्याआधी अर्धगोल विक्षेपक बसवून ऊर्जेचा अरुंद पट्टाच आत सोडावा. आधीच्या टप्प्यात आयन नीट निवला नसेल तर या चाळणीतून फारच थोडे पार होतात, म्हणजे चौथ्या पायरीतला निष्काळजीपणा इथे मोजणीचा वेळ वाढवून वसूल होतो. एका वेळी एकच आयन हवा असल्याने भरण असे ठेवावे की दर भरणीला सरासरी अर्धा आयन यावा. तेव्हा सुमारे ३० टक्के भरणींत नेमका एक मिळतो आणि ९ टक्के भरणींत एकाहून अधिक, त्या टाकून द्याव्यात.

इथे वायू मात्र नको असतो. दाब १० चा उणे ७ वा घात इतक्या पास्कलवर असेल तर कवच सेकंदाभरात, म्हणजे किलोमीटरभर धावताना, वीसबावीस रेणूंना धडकते आणि त्याची गती दहा हजारांत एकदोन भागांनी घटते, जे चालण्यासारखे आहे. दाब शंभरपट असेल तर गती टक्क्या-दीड टक्क्याने घसरते आणि मोजणी सुरू असतानाच वारंवारता सरकत जाते. त्यामुळे १० पास्कलच्या क्वाड्रुपोलपासून इथपर्यंत दाब आठ घातांनी खाली आणायला निदान तीन स्वतंत्र पंपकक्ष आणि त्यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरची छिद्रे लागतात. वारंवारता मोजणीच्या काळात एकाच दिशेने सरकताना दिसली तर आधी दाबमापक पाहावा. दाब ठीक असेल तर आयन अजून विद्रावक गमावत आहे, म्हणजे हलका होत आहे आणि वारंवारता वर जात आहे, असे समजून सहाव्या पायरीतला उतार २० ते ३० व्होल्टने वाढवून पाहावा.